दुसरा कान

दोष सरांचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक हळूहळू दैवावर घसरतात. सर पासष्टीचे, निवृत्त झाले तरी खुर्चीला गोचिडासारखे चिकटलेले, आणि दुसऱ्याच्या खांद्यावरून बंदूक चालवण्यात वाकबगार. या खेपेला खांदा ज्याचा होता, तो त्यांच्या प्रयोगशाळेत हाडं कोरायचा.

काम सरळ होतं. चार हजार वर्षांपूर्वी काही लोक आपली मेलेली मुलं कुशीवर निजवून, दोन्ही कानांवर एकेक शिंपला बांधून पुरत. अशी थडगी डोंगरापासून समुद्रापर्यंत सापडली होती. ही रीत माणसांबरोबर चालत गेली, की शेजाऱ्यांनी बघून उचलली, हे सरांना डीएनएवरून ठरवायचं होतं. कानाच्या आतलं हाड शरीरात सगळ्यात टणक, डीएनए टिकतो तो तिथंच. नियम असा, की कोरायचा तो एकच कान. दुसरा पुढे येणाऱ्या संशोधकांसाठी शाबूत ठेवायचा.

हाडं कोरणाऱ्याची बायको भिंतीपलीकडे संगणकावर निकाल काढायची. तिला सातवा महिना चालू होता. तिथल्या माणसांची थुंकी-धूळ हाडात मिसळली तर ओळखता यावी, म्हणून प्रत्येकाचा डीएनए यादीत नोंदलेला असे. या दोघांचाही होता.

मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, ती एक कागद घेऊन आली. बाराव्या थडग्यातलं बाळ. मुलगी. तिचा अर्धा डीएनए त्याच्याशी जुळत होता, अर्धा बायकोशी.

"तुझी धूळ असती तर तू दिसला असतास," ती हळू म्हणाली. "हा तू नाहीस. मीही नाही. हे आपलं..."

तो हसला. म्हणाला, डॉक्टरांनी तारीख फारच चुकवली म्हणायची. ती हसली नाही.

सरांनी कागद चष्मा न लावताच बाजूला सारला. गरोदर बाईनं इथं यायलाच नको होतं, सगळीकडे भेसळ करून ठेवलीय, असं तिच्यासमोरच म्हणाले. हाडांच्या खोलीत तिनं कधी पाऊलही टाकलं नव्हतं. मग त्याच्याकडे वळून, त्याच कवटीचा दुसरा कान कोर म्हणाले. परिषद पंधरा दिवसांवर आली होती. त्याच्या नोकरीची मुदत याच महिन्यात संपतेय, याची आठवणही त्यांनी करून दिली, तब्येतीची चौकशी करावी तशी, हसत. म्हाताऱ्यांना हे बरं जमतं.

दारात बायकोनं त्याची बाही धरली.

"नोकरी गेली तर जाऊ दे. तो शिंपला काढू नकोस... माझं ऐक."

"हाड आहे ते," तो म्हणाला, आणि आत गेला.

त्या खोलीला खिडकी नव्हती. वर पंख्याची घरघर, मास्कमध्ये स्वतःचाच ऊन श्वास. दुसऱ्या कानावरचा शिंपला मातीत घट्ट बसला होता. दोरा केव्हाच कुजून गेलेला, तरी शिंपला सहज सुटेना... आतून कुणी धरून ठेवल्यासारखा. शेवटी सुटला. त्यानं ड्रिल लावलं.

जुन्या हाडाला कोरड्या मातीचा वास येतो. याला केस जळल्याचा आला. दंतवैद्य जिवंत दात कोरतो तेव्हा येतो, तो. भुकटी टोकाला ओलसर चिकटत होती. तिथंच थांबायला हवं होतं. त्याला ते कळत होतं. तो थांबला नाही.

ड्रिल बंद केलं आणि भिंतीपलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज झाला. तो धावत गेला. बायको जमिनीवर बसली होती, दोन्ही हात पोटावर.

"लाथा मारत होती," ती म्हणाली. "तू सुरू केलंस तशा जोरजोरात... आता हलत नाही."

दुसऱ्या कानाचा निकाल स्वच्छ आला. त्या मुलीचं या दोघांशी काडीचंही नातं नव्हतं. कवटी तीच, एकाच मुलीचे दोन कान. ते कसं, हे सरांनी विचारलं नाही. रीत रक्ताबरोबर चालत गेली, असं त्यांनी परिषदेत ठणकावून सांगितलं आणि टाळ्या घेऊन आले. आभारात या नवराबायकोचा उल्लेख केला.

मुलगी जन्मली. वेळेवर, गुटगुटीत. पण तिला ऐकू येत नाही. ताट आपटलं तरी मान वळत नाही. कानात कुठलाच दोष नाही, असं तीन डॉक्टरांनी सांगितलं. बायको तिला घेऊन आईकडे राहते. तो भेटायला जातो, तेव्हा खालच्या पायरीवर त्याचा पाय पडतो न पडतो, तोच वर मुलगी किंचाळायला लागते. तो आलाय हे तिच्या आईलाही तोवर ठाऊक नसतं. तो परत फिरून रस्त्याला लागला, की ती गप्प होते.

ती आता तीन वर्षांची आहे. त्यानं तिला एकदाही उचलून घेतलेलं नाही.