ओ द्यायची नाही

"गप्प असते तेच बरं गो. हिला सुपारी लागायची नाही."

स्वयंपाकघरात सासूबाई हे आपल्या थोरल्या बहिणीला, हौसामावशींना, सांगत होत्या आणि अपूर्वा मागीलदारी दोरीवरचे कपडे काढत होती. लग्नाला तीन महिने झाले होते. नवी सून कमी बोलणारी असली, की तिला ऐकूही कमी येतं असं लोक धरून चालतात.

सुपारीची रीत सासूबाईंच्या माहेरची. मुलीला बारावं सरलं, की आई तिच्या गालात अख्खी सुपारी ठेवते. मग रोज दिवेलागणीला ती धरायचीच. कारण तिन्हीसांजेला कुणीतरी नावानं हाक मारतं, आणि बाईनं ओ द्यायची नाही. ती हाक माहेराहून सासूबाईंच्या मागोमाग इथवर, या आंब्याच्या कलमांच्या बागेत आली होती. मागच्या पावसात विहिरीपाशी घसरून त्यांचा पाय मोडला, तेव्हा अंधार पडेपर्यंत त्या चिखलात पडून राहिल्या, पण ओरडल्या नाहीत. हे त्या कौतुकानं सांगत. हौसामावशींचं तर बोलणंच आटलेलं. "हं" आणि "नको", एवढ्यावर त्यांचा सगळा संसार झाला होता.

आज सुपारी धरायची पाळी ओवीची, अपूर्वाच्या नणंदेची.

"वहिनी, सुपारीऐवजी चॉकलेट धरलं तर नाही का चालणार?" ओवी दुपारी म्हणाली होती. "आणि मी एकदा गप्प बसले, की परत बोलायचं विसरले तर गो?"

अपूर्वाला हसू आलं होतं. मग आलं नाही.

तिनं नवऱ्याला, स्वरूपला, फोन केला. तो मिरकरवाड्याला बर्फाच्या कारखान्यात होता. "बायकांचं आहे ते. मी काय बोलणार?" म्हणाला.

सूर्य बुडाला. बागेतून मोहोराचा गोडसर, उग्र वास आत शिरला. दोघी बहिणींनी आपापल्या सुपाऱ्या गालात सारल्या. सासूबाईंनी एका हातानं ओवीची हनुवटी धरली.

"आई, नको ना… कडू असते…"

तेवढ्यात बागेतून हाक आली.

"ओवीऽ…"

जेवायला बोलवावं तशी. मायेची. अपूर्वानं ती तीन महिने रोज ऐकली होती, आपल्या नावानं. आणि शेजारचं कुणी असेल म्हणून रोज स्वतःची समजूत घातली होती. आज ती ओवीच्या नावानं आली होती. लहानपणी विहिरीत पहिली उडी टाकताना घेतला होता, तसा अपूर्वानं खोल श्वास घेतला.

तिनं ओवीला ओढून घेतलं. सुपारी फरशीवर टणटणत गेली. अपूर्वानं मागच्या दाराची कडी काढली आणि तीन महिन्यांचा साठलेला सगळा आवाज बाहेर सोडला.

"ओऽऽऽ!"

रातकिडे थांबले. पानही हलेना.

मग एका कलमाखालून आलं, "ओ…" मग दुसऱ्याखालून. म्हातारा घोगरा आवाज, बोबडा आवाज, नुकत्याच वयात आलेल्या पोरीचा आवाज. सगळी बाग ओ देत होती. ओवी खुदकन हसली आणि तीही ओरडली, "ओऽऽ!"

हौसामावशींच्या तोंडातून सुपारी गळून पडली.

"तो…" त्या उठून उभ्या राहिल्या. "तो मधला… माझा गो! माझा आवाज…" त्या रडत होत्या की हसत होत्या, कळत नव्हतं.

सासूबाई मात्र लंगडत धावल्या. दार लोटलं. ते वीतभर उरलं आणि अडलं. त्यांनी खांदा लावला. पलीकडे कुणी श्वास घेतला… दाराच्या अगदी खालच्या कडेशी.

अपूर्वानं वाकून फटीत पाहिलं. हाक मारणारी उंबऱ्यापाशी येऊन टेकली होती, तरी अपूर्वा मागे सरली नाही. तिनं सासूबाईंच्या दंडावर हात ठेवला आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आई, लोटू नका दार… तिची बोटं चेंगरतील."