सहा नंबरच्या बेडचा अलार्म

ही गोष्ट मी आतापर्यंत तिघांना सांगितली. दोघं हसले. तिसरा माझ्याच धंद्यातला. त्याने विचारलं, "केबल तपासलीस का?"

तपासली. तीन वेळा. तिथे केबल नव्हतीच.

तुम्हालाही हसायचं असेल तर खुशाल हसा. जे घडलं ते मंगळवारी घडलं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, एका मोठ्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर. मध्यरात्र नव्हती, वारा नव्हता, दिवे गेले नव्हते. बाहेर लख्ख ऊन होतं आणि खाली कॅन्टीनमध्ये चहासाठी रांग लागली होती.

आधी माझा राग कशाचा होता ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

माझी मोठी बहीण, म्हणजे ताई, त्या हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळायची. नऊ वर्षं. प्रत्येक बेडशेजारचं मशीन पेशंटची नाडी मोजतं आणि तो आकडा वायरवरून सिस्टरच्या टेबलावरच्या स्क्रीनला पाठवतं. मधे असतो स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येऊन जोडतात तो डबा. त्यात एक छोटी राखीव जागा असते, तिला बफर म्हणतात. पुढची वाट मोकळी नसेल तर निरोप तिथे थांबतो. बफर भरला की नवा निरोप टाकून दिला जातो.

कुणालाही न सांगता.

म्हणूनच बफरवर पहारा बसवायचा असतो. ऐंशी टक्के भरला की अलार्म वाजला पाहिजे. पन्नासवर उतरला की गप्प. एवढं साधं काम आहे.

पण त्या हॉस्पिटलात एक्स-रेचे फोटो दुसऱ्या सर्व्हरवर चढवायचं काम भर दुपारी चालायचं. का? तर आयटीच्या हेडला रात्री थांबायचा कंटाळा. या माणसाला सगळे बघूसाहेब म्हणायचे, कारण काहीही सांगितलं की त्यांचं एकच उत्तर, "बघू." फोटो चढायला लागले की बफर भरायचे, अलार्म कोकलायचा आणि साहेबांच्या वामकुक्षीचं खोबरं व्हायचं.

मग एका दुपारी कुणीतरी ती ऐंशीची मर्यादा शंभरवर नेऊन ठेवली.

शंभरच्या वर गेलं तरच अलार्म. आणि शंभरच्या वर काही जात नसतं.

त्याच दुपारी सहा नंबरच्या बेडवरची बाई गेली. चाळिशीची होती, शिवणकाम करायची. साधं ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी घरी जाणार होती. सिस्टरच्या स्क्रीनवर तिची नाडी बहात्तरवरच अडकून राहिली होती. सगळं ठीक दिसत होतं.

चौकशी बसली. मर्यादा दोन अठ्ठावन्नला बदललेली, आणि लॉगिन ताईचं. झालं, सगळं खापर तिच्यावर. त्या वेळी ती खाली नोंदणीच्या खिडकीत प्रिंटर दुरुस्त करत होती. ते कुणालाच आठवेना. आणि लॉगिनचं म्हणाल तर अख्खा विभाग तिच्याच लॉगिनवर काम करायचा. नवीन लॉगिन काढायला तीन सह्या लागायच्या, म्हणून बघूसाहेबांनीच पासवर्डची चिठ्ठी स्विचच्या कपाटाला आतून चिकटवली होती. चौकशीच्या दिवशी चिठ्ठी गायब. साहेबांनी हात वर केले.

शुक्रवारी समितीचा निकाल होता. निकाल ताईच्या विरोधात गेला असता तर नोकरी जाणार होतीच, वर निष्काळजीपणाची पोलीस केस. ताई घरात नुसती बसून असायची. दाजींनी जेवायला वाढलं की ताटाकडे बघत राहायची. आणि मी आतल्या आत जळत होतो.

अशात हॉस्पिटलने आमच्या कंपनीला बोलावलं. सगळ्या स्विचवर बफरचा पहारा नव्याने बसवायचा होता. मी ते काम मागून घेतलं. लग्नानंतर ताईचं आडनाव बदललंय, त्यामुळे मी कोण ते तिथे कुणाला कळलं नाही. खरं सांगतो, मी पुरावा शोधायलाच गेलो होतो. पण स्विचच्या जुन्या नोंदी चौकशीनंतर कुणीतरी पुसलेल्या निघाल्या. सुरुवातीपासून कोऱ्या.

सोमवारी मी पहिलं काम केलं ते एक्स-रेचं. ते रात्रीवर ढकललं. बघूसाहेब कुरकुरले, मी ऐकलं नाही. मग एकेका बेडच्या पोर्टला, म्हणजे स्विचवरच्या केबल खोचायच्या भोकाला, मर्यादा लावल्या. ऐंशी, पन्नास. अलार्म माझ्या लॅपटॉपवर, साहेबांच्या फोनवर आणि सिस्टरच्या स्क्रीनवर.

मंगळवारी दुपारी मी स्विचच्या खोलीत होतो. पूर्वी तिथे चादरी ठेवायचे, अजून साबणाचा वास येतो. सगळे पोर्ट शांत होते. दोन टक्के, तीन टक्के.

तीन वाजून दहा मिनिटं झाली...

लॅपटॉप वाजला.

पोर्ट सहा. बफर एक्क्याऐंशी टक्के.

मला वाटलं, माझीच चूक. भलत्याच पोर्टला नाव दिलं असेल. उठून स्विच पाहिला. सहा नंबरच्या भोकात काहीच नव्हतं. केबल काढून नेलेली. वॉर्डात जाऊन पाहिलं, बेड रिकामा, गादीसुद्धा उचललेली. मशीन चौकशीवाल्यांनी सील करून नेलं होतं आणि भिंतीतल्या सॉकेटवर चिकटपट्टी होती.

परत आलो तेव्हा...

अठ्ठ्याण्णव टक्के.

रिकाम्या पोर्टमध्ये कुठून काय येणार? मी पोर्ट बंद केलं. आकडा हलला नाही. स्विच बंद करून चालू करणं शक्य नव्हतं, त्याच्यावर अठरा जिवंत माणसं होती. मग मी बफरमध्ये अडकलेले निरोप उघडून बघितले. थोडी खटपट लागते, पण जमतं.

बेड सहा. वेळ तीन दहा. नाडी चव्वेचाळीस.

बेड सहा. नाडी एक्केचाळीस.

बेड सहा. नाडी सदतीस...

दर वीस सेकंदांनी एक निरोप. तारीख त्या बाईच्या मरणाची.

 भीतीच्याही आधी आला तो संताप. ती बाई बावीस मिनिटं सांगत होती. मी जातेय, मी जातेय, असं मशीन दर वीस सेकंदांनी ओरडत होतं आणि स्विच ते कचऱ्यात टाकत होता. का, तर एका माणसाला झोप हवी होती.

तीन बत्तीसला शेवटचा निरोप आला. नाडी शून्य. आणि बफर एकदम रिकामा झाला.

मी सगळं उतरवून घेतलं. रात्री फाइल उघडली तर ती कोरी होती.

बुधवारी मी अडीचपासूनच तिथे बसलो. तीन दहाला पुन्हा सुरू झालं. या वेळी पाचच मिनिटांत बघूसाहेब खोलीत आले. फोन हातात, तोंड वाकडं. रिकाम्या बेडचा अलार्म काय वाजवत बसलाय, तुमच्या कंपनीला पैसे कशाचे देतो आम्ही, वगैरे वगैरे. मी म्हटलं, तुम्हीच बघा.

त्यांनी मला खुर्चीवरून उठवलं. स्वतः बसले. सराईतपणे ती ओळ शोधली आणि ऐंशीचे शंभर केले.

अलार्म वाजतच राहिला.

पुन्हा शंभर. पुन्हा वाजला. त्यांनी पोर्ट बंद केलं. मग अख्खा पहाराच काढून टाकला. लॅपटॉपचा आवाज बंद केला... आणि तरी आवाज येत होता. आता लॅपटॉपमधून नाही. स्विचमधून. त्या डब्यात स्पीकर नसतो हो. मी आयुष्यात शेकडो स्विच उघडलेत.

तेवढ्यात वॉर्डची सिस्टर दारात आली. चाळीस वर्षं नोकरी केलेली, कुणाच्या बापाला न घाबरणारी बाई. पण त्या दिवशी तिचा चेहरा पांढरा पडला होता. सहा नंबरच्या बेडची नाडी स्क्रीनवर दिसतेय, म्हणाली. खाली खाली चाललीय.

साहेबांना दरदरून घाम फुटला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. ते स्विचकडे बघून बोलले, आणि ते शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"असं कसं? त्या दिवशी तर एकदा शंभर केलं आणि गप्प बसला होता."



मग सिस्टरने शांतपणे विचारलं, "त्या दिवशी म्हणजे तुम्ही केलं होतं, साहेब?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांची खुर्ची माझ्याकडे वळवली. मारलं नाही. मारायला हवं होतं. एवढंच म्हणालो, "जिच्या लॉगिनने केलंत ना, ती माझी सख्खी बहीण आहे. तीन महिने झोपली नाहीये ती."

साहेब उठले, भिंतीला धरून बाहेर गेले. ते जाताच आवाज थांबला. घड्याळात पाहिलं तर तीन एकोणीस झाले होते. या वेळी त्याने तीन बत्तीसची वाटसुद्धा पाहिली नाही.

शुक्रवारी साहेब अर्थातच उलटले, आपण असं काही बोललोच नाही म्हणाले. पण सिस्टरने समितीसमोर शब्दन्‌शब्द सांगितला. मग नोंदणीच्या खिडकीवरच्या मुलीलाही एकदम आठवलं, की हो, त्या दुपारी प्रिंटर दुरुस्त करायला बाई आल्या होत्या. तीन महिने कुठे गेली होती आठवण, देव जाणे. ताई सुटली. साहेब निलंबित झाले. त्या रात्री ताई पोटभर जेवली, आणि दाजी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती मजेत सांगितली असती.

पुढच्या मंगळवारी मी उरलेलं काम संपवायला गेलो. साहेबांनी काढलेला पहारा मी त्याच दिवशी परत बसवला होता. मनात म्हटलं, आता त्या शिवणकामवाल्या बाईला शांती मिळाली असेल. तीन दहा झाले. काही नाही. साडेतीन झाले. काही नाही. पोर्ट सहा शून्यावर. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि सामान आवरायला लागलो.

चार वाजून पाच मिनिटांनी...

लॅपटॉप वाजला.

पोर्ट अकरा.

या पोर्टला केबल होती. मी निरोप उघडले. बेड अकरा. नाडी अडतीस. नाडी पस्तीस. तारीख मागच्या वर्षीची.

अकरा नंबरच्या बेडवर मागच्या वर्षी कोण गेलं, मला माहीत नाही. कुणी तक्रार केली नव्हती. चौकशी झाली नव्हती. वेळ आली होती, असं घरच्यांना सांगितलं असेल आणि त्यांनी मान डोलावली असेल.

मी तारीख पुन्हा वाचली. आणि मग मला कळलं.

त्या पंधरवड्यात बघूसाहेब रजेवर होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं त्यांचं. मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्या दिवसांत ताई रोज फोनवर अभिमानाने सांगायची, की सगळा विभाग मी एकटी चालवतेय. दमून गेलेली असायची. एकदा म्हणाली होती, "दिवसभर ते पिंपिं पिंपिं, डोकं उठतं रे. आज बंदच करून टाकलं."

मी हसलो होतो तेव्हा.

तिने ते सहज म्हटलं असेल. दुसऱ्याच कशाबद्दल म्हटलं असेल. मी तिला विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

बाहेर सिस्टरच्या चपलांचा आवाज आला. ती इकडेच येत होती. स्क्रीनवर तिला अकरा नंबरची नाडी दिसली असणार. ती तारीख वाचेल, हिशोब करेल, आणि ती बाई खोटं बोलत नाही.

माझे हात आपोआप चालले. ती ओळ मला पाठ होती. पोर्ट अकरा. ऐंशी खोडले. शंभर लिहिले.

अलार्म गप्प बसला. पहिल्याच फटक्यात.

सिस्टर दारात येऊन म्हणाली, की काहीतरी वाजत होतं. मी म्हटलं, चाचणी घेत होतो. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि गेली. मी लॅपटॉप बंद केला, काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही केली आणि जिना उतरलो.

गाडीपर्यंत पोचल्यावर डोक्यात आलं. बफरमध्ये रांग असते. पुढचा निरोप हलला नाही तर मागचे सगळे अडकतात. जुन्या निरोपांच्या मागे आजचेही असतील... आणि मी त्यांचा आवाज बंद करून आलो होतो.

मी दहा मिनिटं गाडीत बसलो. किल्ली हातात होती.

अकरा नंबरच्या बेडवर त्या दिवशी कुणी होतं की नाही, ते बघायला मी परत वर गेलो नाही.