इतर, एकशेवीस पौंड

ट्रूडी केसलरच्या यादीत चूक सापडणं म्हणजे टेक्सासच्या रखरखीत सॅन अँजेलोत समुद्र सापडणं. एकतीस वर्षं तिने तिथल्या शाळांच्या बसगाड्यांचे मार्ग आखले होते. कुठल्या फाट्यावर कुठलं पोर किती वाजता उभं असेल, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण खोड काही गेली नव्हती. तिचा नवरा लॉइड म्हणायचा, "हिला स्वर्गात पाठवलं, तर ही आधी दारावरच्या देवदूताला रांग कशी लावायची ते शिकवेल."

आता तिने बिग बेंड या राष्ट्रीय पार्कची सहल आखायला घेतली होती. तिथलं वाळवंट फेब्रुवारीत फुलतं, नदीकाठच्या तळावर ट्रेलर लावायला जागा मिळते, आणि पाच दिवस माणसाला दुसरं काही लागत नाही.

लॉइड लग्नाआधी त्या भागात दोन वर्षं तारेची कुंपणं घालायच्या कामावर होता. तेव्हापासून तो त्या डोंगरांबद्दल इतकं बोलत आला होता, की ट्रूडीला ते सासरच्या माणसांसारखे वाटायचे. माहीत सगळे, प्रेम फारसं नाही. पण ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत लॉइडच्या नजरेचा मधला भाग पूर्ण जाईल. आताच त्याला समोरच्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा दिसत होता. वाचणं बंद झालं होतं, गाडीची किल्ली त्याने स्वतःहून तिच्या हातात दिली होती. दवाखान्यातून परतताना तो एवढंच म्हणाला, "ते डोंगर एकदा बघून घ्यायला हवे होते."

"बघशील," ट्रूडी म्हणाली. "जेवढं दिसेल तेवढं तू बघ. उरलेलं मी सांगेन. तुझे डोळे मी होईन."

हे ती नुसतं तोंडदेखलं बोलली नव्हती. तिने एक वही केली. कुठल्या मैलाला काय दिसतं, कुठला डोंगर कुठल्या हाताला, कुठे झुडपं, कुठे उघडा खडक, हे सगळं नकाशांवरून आणि फोटोंवरून क्रमाने उतरवून काढलं. एरवी 'तिकडे एक झाड आहे' यापलीकडे न जाणारी ट्रूडी आरशासमोर उभी राहून 'तांबूस' आणि 'करडा' असे शब्द घोकायला लागली. लॉइडच्या हे लक्षात आलं होतं, पण त्याने एकदाही थट्टा केली नाही.

तळावरच्या जागांचं आरक्षण सहा महिने आधी उघडतं आणि जागा बघता बघता उडतात. ठरल्या दिवशी ट्रूडी सकाळीच संगणकासमोर बसली आणि तिने नदीकाठची, सावलीची जागा पटकावली. पावती आली. त्यावर माणसं लिहिली होती तीन.

तिने स्वतःच्या बोटांना दोष दिला आणि दोन करून घेतलं. आठवड्याने पावती छापायला काढली, तर पुन्हा तीन. पुन्हा दुरुस्त केलं. तिसऱ्यांदा तेच झालं, तेव्हा तिने खांदे उडवले. जागा तर तीच मिळत होती, मग आकड्याशी हुज्जत कशाला घाला?

ट्रेलर त्यांचा छोटासाच होता. आत दोघांपुरती गादी, मागचं झाकण वर केलं की स्वयंपाकाचा ओटा. लांबून तो चाकं लावलेल्या बटाट्यासारखा दिसायचा, म्हणून लॉइडने त्याचं नाव 'बटाटा' ठेवलं होतं. असला ट्रेलर ओढायचा तर वजन बघावं लागतं, नाहीतर उतारावर तोच गाडीला ढकलतो. ट्रूडीने जानेवारीत प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून मोजली. तवा, कंदील, बीन्सचे डबे, टॉर्टियांची पाकिटं, लॉइडच्या औषधांची पेटीसुद्धा. ट्रेलरसकट बेरीज आली चौदाशे ऐंशी पौंड.

मग पडताळा घ्यायला ती लॉइडला आणि बटाट्याला घेऊन बेतो बाराजासच्या खडीच्या आवारात गेली. बेतोकडे ट्रक तोलायचा मोठा काटा होता. त्याने पिकअपपासून ट्रेलर सोडवला, काट्यावर ठेवला आणि काचेतून आकडा बघितला.

"सोळाशे."

"परत बघ."

"परत बघितलं म्हणून कमी होत नाही, मिसेस केसलर. माझी बायको रोज बघते."

"तुझा काटा बिघडलाय, बेतो."

बेतोचा चेहरा पडला. "काट्यावर सरकारी शिक्का आहे. मागच्याच महिन्यात तपासून गेले. मला काहीही बोला, काट्याला बोलू नका."

ट्रूडीने तिथेच ताडपत्री पसरली आणि सगळं सामान बाहेर काढलं. रिकामा ट्रेलर कागदावर होता तेवढाच भरला. मग ती एकेक वस्तू आत ठेवत गेली आणि बेतो आकडे ओरडत गेला. प्रत्येक आकडा तिच्या यादीशी जुळत होता. शेवटी गादीवरच्या दोन उशा आणि रजई तेवढी राहिली. लॉइड चाचपडत आत शिरला, त्याने रजई नीट पसरली, उशा लावल्या आणि बाहेर येऊन काट्यावरून खाली उतरला.

"सोळाशे," बेतो म्हणाला. मग जरा थांबून, "आत कुणी झोपलंय का हो?"

ट्रूडीने दार उघडून बघितलं. रजई सपाट होती. उशा दोनच होत्या. आत ऊन यायला वाव नव्हता, तरी गादीवरून कोमट हवा तिच्या तोंडावर आली. तिच्या अंगावर काटा आला, आणि त्याचाच तिला राग आला. आपण काही आवाज ऐकून दिवा लावणाऱ्यांतल्या नाही, असं तिने स्वतःला बजावलं.

बटाट्याला दोन हजार पौंडांपर्यंत परवानगी होती. सोळाशे तर सोळाशे. तिने यादीत सगळ्यात खाली एक ओळ वाढवली. 'इतर, एकशेवीस पौंड.' आता बेरीज बरोबर होती.

निघण्याच्या तीन आठवडे आधी रंगीत तालीम झाली. तिकडचे जाणते लोक नवा ट्रेलर पहिल्यांदा घरासमोरच्या फरसबंदीवरच लावतात आणि घरात पाऊल न टाकता दोन दिवस त्यात राहतात. काय विसरलं ते दारातच कळलेलं बरं, तीनशे मैलांवर कळून उपयोग नाही. वाळवंटात माणशी रोज एक गॅलन पाणी धरतात. दोघांचे दोन दिवसांचे चार गॅलन. ट्रूडीने सहा भरून ठेवले होते, पुरून उरतील म्हणून. दुसऱ्या दिवशी दुपारी पिंप वाजवून बघितलं, तर रिकामं.

गळती नव्हती. खाली पसरलेली वर्तमानपत्रं कोरडी खडखडीत होती.

"तू पाय धुतलेस का?"

"वाळवंटात पाय धुवायचे नसतात, हे तूच परवा तासभर समजावलंस," लॉइड म्हणाला. "मी अजून त्या भाषणातून सावरतोय."

जेवण झाल्यावर दोघं जरा आडवे झाले. गादी दोघांना पुरेशी होती, दुकानात तिने स्वतः झोपून बघितली होती. तरी आता तिची पाठ दाराच्या कडेवर टेकली होती आणि एक पाय बाहेर लोंबत होता.

"सरक ना जरा," ती म्हणाली.

"कुठे सरकू? भिंत आहे इकडे."

तिने मान वळवली. लॉइड खरोखरच भिंतीला चिकटून, अंग चोरून झोपला होता. दोघांच्या मध्ये आणखी एक माणूस मावेल एवढी रजई रिकामी पडली होती. ट्रूडीने तिच्यावर हात ठेवला नाही. आपण का ठेवला नाही, याचा तिने विचारही केला नाही. उठून बाहेर आली आणि कॉफीचं बघायला लागली.

"कॉफीचा डबा वरच्या डाव्या कप्प्यात आहे," लॉइड आतून म्हणाला.

डबा तिने सकाळीच उजवीकडून डावीकडे हलवला होता आणि त्याला सांगायचं राहून गेलं होतं. चला, सवय होतेय त्याला, असं मनात म्हणून तिला बरंच वाटलं.

त्या संध्याकाळी ती यादी घेऊन अंगणात बसली. सहल रद्द करता आली असती. पण पुढच्या वर्षी लॉइडला डोंगर आणि भिंत यातला फरक कळणार नव्हता, आणि एका कोरड्या पिंपासाठी त्याचे डोंगर बुडवायला ट्रूडी तयार नव्हती. तिचे वडील मेंढ्यांचे कळप राखायचे. रानात पाणी मागणाऱ्याला 'तू कोण' असं विचारायचं नाही, आधी प्यायला द्यायचं, हा त्यांचा नियम होता. ट्रूडीने दहा गॅलन खोडले आणि पंधरा केले. मग पेन्सिल कानामागे खोचून ती शांतपणे जेवायला गेली.

फेब्रुवारीत ठरल्या तारखेला, ठरल्या वेळेच्या चार मिनिटं आधी, ती दोघं निघाली. वाटेत ट्रूडीने बेतोकडे शेवटचं वजन करून घेतलं. आज ट्रेलर तिच्या बेरजेहून बरोबर एकशेवीस पौंडांनी हलका भरला. 'इतर' कुठेच नव्हतं.

"बघ," ती लॉइडला म्हणाली, "काटाच बिघडला होता." तिचा जीव भांड्यात पडला. वाटेतल्या फोर्ट स्टॉकटन गावापर्यंत ती गुणगुणत होती.

पिकअप जुनी होती, पुढे एकच लांब बाक. लॉइड खिडकीला टेकून बसला होता. "ऐसपैस बस की," ट्रूडी एकदा म्हणाली. तो "बरा आहे" म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

मॅरेथॉन गावात पेट्रोल भरलं. तिथून रस्ता सरळ दक्षिणेला लागतो आणि पार्कच्या फाटकापर्यंत चाळीस मैल वस्ती नाही. गाव सुटलं आणि आडवा वारा सुरू झाला. बटाटा मागून हिसके द्यायला लागला. ट्रूडीने दोन्ही हातांनी चाक धरलं, दात आवळले, आणि ठरवलं की वही फाटकातून आत गेल्यावरच उघडायची. तोवर बोलणं नाही. असल्या वाऱ्यात बोलणारा चालक तिने एकतीस वर्षांत एकही ठेवला नव्हता.

तीसेक मैल गेले. वारा पडेना.

लॉइडने टोपी मांडीवर घेतली होती. डोळे मिटलेले होते. गेल्या वर्षभरात त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान तिने बघितलं नव्हतं.

"सकाळचा पाऊस तिकडे पडून गेला वाटतं," तो म्हणाला. "खडक काळा पडलाय म्हणजे."

ट्रूडीने उजवीकडे बघितलं. दूर डोंगराच्या अंगाला एक ओला काळा पट्टा होता.

झोपेत बडबडतोय, असं तिला वाटलं.

"आणि वळणापलीकडे कुंपण पडलंय, अरेरे. मी घातलेलं नसेल ते. पांढरी घोडी रस्त्यावर आलीय? गाभण आहे? मग हळू घे हं."

वळण अजून अर्धा मैल पुढे होतं.

तिने गाडी हळू केली.

वळण आलं. तारेचं कुंपण आडवं पडलं होतं. रस्त्याच्या कडेला एक पांढरी घोडी उभी होती. तिचं पोट जड होतं.

ट्रूडीने गाडी थांबवली. घोडी त्यांच्याकडे बघत होती, म्हणजे दोघांच्या मधे कुठेतरी बघत होती. मग ती एकेक पाऊल मागे सरकत कुंपणाच्या आत गेली.

"लॉइड," ट्रूडी म्हणाली. "हे तुला कोण सांगतंय?"

कपाळावर आठी घालून त्याने मान जराशी तिरकी केली. अनोळखी आवाज आला की अलीकडे तो तसं करायचा.

"लॉइड, मॅरेथॉनपासून मी एक शब्दही बोललेले नाही."

त्याने डोळे उघडले. तिच्या दिशेने तो बराच वेळ बघत राहिला. डोळे बारीक केले, पण ओळख पटली नाही.

मग तो बाकाच्या मधल्या रिकाम्या जागेकडे वाकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ट्रूडी, ही कोण बाई गाडी चालवतेय?"