दाराशी सांगितलेलं दुखणं

गावच्या आरोग्य केंद्रात सकाळपासूनचा एकेचाळिसावा पेशंट उठला तेव्हा रोहिणी सिस्टरची मान आखडली होती. टेबलावरच्या संक्षेपक यंत्राचं मात्र काही दुखत नव्हतं. पेशंटचं पाल्हाळ ऐकायचं आणि त्याच्या तीन ओळी भारदस्त इंग्रजीत जिल्ह्याच्या डॉक्टरांना पाठवायच्या, एवढंच त्याचं काम. सारांशाखाली काटछाटीची जातही उमटे. प्रशिक्षणात रोहिणीने ती घोकली होती: 'अब्रिज्ड' म्हणजे मजकूर आटवला, अर्थ राखला, 'कर्टेल्ड' म्हणजे वेळ संपली म्हणून आवरतं घेतलं, 'ट्रंकेटेड' म्हणजे शेवट सरळ छाटला.

तेवढ्यात गेनबा खरातांची सून आत आली, एकटीच.

"मामांना लकवा मारला, बाई. उजवी बाजू गेली, बोलणं बी गेलं. सोमवारी हितं येऊन गेलं हुतं न्हवं?"

"आले होते. गुडघ्यासाठी."

"गुडघा तर कवाचाच हाय. हातातनं घास पडाय लागला म्हणून म्या धाडलं. सांगितलं न्हाई व्हय त्यांनी?"

सांगितलं होतं. म्हातारा बराच वेळ मेंढरांचं आणि गुडघ्याचं बोलला, आणि निघताना दाराशी चपला शोधत पुटपुटला, "तसं काय न्हाई, पर हातातनं घास पडतोय." इथली माणसं खरं दुखणं उठतानाच काढतात, हे रोहिणीला वीस वर्षं ठाऊक होतं. पण सोमवारी ती दमली होती. यंत्राने ऐकलं असेल, असं म्हणून तिने पुढचं नाव पुकारलं होतं.

तिने सोमवारची नोंद उघडली. गुडघेदुखी, दोन गोळ्या. खाली 'ट्रंकेटेड', कारण: निरोपाचं बोलणं. आधीच्या दीड वर्षाच्या, सगळ्याच पेशंटांच्या नोंदी तिने भराभर सरकवल्या. निम्म्यांखाली तोच शब्द होता, आणि छाटलेलं कुठेच साठवलेलं नव्हतं.

"सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मी ऐकलं होतं."

"मग?" सुनेने विचारलं.

रोहिणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून निघून गेली.

पुढची म्हातारी खुर्चीकडे आली. रोहिणीने संक्षेपक बंद केला, वही ओढली.

"मावशी, बसू नका. तिथं दाराशी उभ्या राहा, चपला घाला. आता निघालाच आहात असं समजा. काय सांगायचं राहिलं?"

मावशी आधी गोंधळली. मग चपलेत पाय सरकवून, आवाज उतरवून बोलू लागली. रोहिणी लिहीत राहिली. बाहेर अजून सदतीस माणसं होती. शेवटच्या माणसाच्या चपलेपर्यंत तिचे कान टिकतील का?