खुर्ची मोडीत निघणार नाही

पंपरूमचं दार उघडलं, तर माझ्या खुर्चीच्या पाठीवर एक चकचकीत स्टिकर होता. आणि खुर्चीत एक मुलगी.

"अहो मॅडम, ही खुर्ची माझी आहे," मी म्हणालो.

मांडीवरच्या लॅपटॉपवरून तिने मान वर केली नाही. "होती. आता रुग्णालयाची आहे. नंबर पडलाय तिला."

"मी घरून आणलीय ती! पाय मोडला होता, मी स्वतः बसवलाय."

"मग मी स्टिकर लावायच्या आधी यायचं होतं ना..."

आता कुठे तिने वर पाहिलं. वरच्या पाइपातून पाणी ठिबकून तिचा एक खांदा ओला झाला होता, पण तिला त्याचा पत्ता नव्हता. ती हसली. मला भांडायचं होतं. तरी मी कोपऱ्यातली बादली पालथी घातली आणि तिच्यासमोर बसलो.

त्या दिवसांत आमच्या रुग्णालयाच्या देखभालीची सगळी माहिती रजिस्टरांत होती. कुठला पंप कुठे, कुठली लिफ्ट कधी दुरुस्त केली, कुठल्या वॉर्डात किती पंखे, सगळं. ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं ठरलं आणि कंपनीने तिला पाठवलं. दिसेल त्या वस्तूला नंबर चिकटवायचा आणि तो लॅपटॉपमध्ये घालायचा, हे तिचं काम. त्या धडाक्यात माझी खुर्चीही चढली.

"मग हिला बाहेर काढा त्यातून."

"चढवलेली वस्तू उतरवता येत नाही. फक्त मोडीत काढता येते. निकामी झाली म्हणून तुम्ही सही करायची, साहेबांनी करायची, मग भंगारवाला येणार. काढू मोडीत?"

"खबरदार!"

"मग राहू दे. मी बसते तोवर."

स्टिकर नखाने सोलता आला असता. मी सोलला नाही. सोलला असता तर दुसऱ्या दिवशी ती पंपरूममध्ये कशाला आली असती?

आली. नंतर रोजच यायला लागली. म्हणायची, इथे शांत वाटतं. दोन पंप घरघरत असताना! ती खुर्चीत, मी बादलीवर, मध्ये एका स्टुलावर चहा. रजिस्टरांचा ढीग तिच्या पायाशी.

"हा 'मागचा पंप' कुठे आहे?" तिने एकदा विचारलं.

"हा काय, हाच."

"आणि 'खोकणारा पंप'?"

"तोही हाच."

"आणि दोन नंबरचा?"

मी मान खाजवली. "...हाच."

"देवा! म्हणजे मी एका पंपाचे तीन केले! एकाला तीन-तीन नावं? तुमची किती आहेत?"

"आई एक घेते, साहेब दुसरं. तुम्ही अजून ठेवलं नाहीत."

"ठेवलंय," ती लॅपटॉपमध्ये बघत म्हणाली. कान मात्र लाल झाले होते. "सांगणार नाही."

मी उठून उगाचच एक व्हॉल्व्ह बंद केला. मग तो परत उघडला.

काम संपत आलं तेव्हा हिशेब जुळेना. रजिस्टरापेक्षा सॉफ्टवेअरमध्ये एक खुर्ची जास्त. तिची खरेदीच कुठे नाही. साहेब पंपरूममध्ये आले आणि म्हणाले, "ही नोंद उडवा. खुर्ची बाहेर टाका."

"नाही उडवणार," ती म्हणाली. बसूनच म्हणाली.

"तुमच्या कंपनीला कळवावं लागेल."

"कळवा. फोन नंबर देऊ का साहेब? घ्या लिहून."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंपाकडे पाहिलं. ते गेल्यावर मी आधी दार लावून घेतलं, आणि ती चहात बिस्कीट बुडवत होती. त्या घटकेला मला कळलं, ही गेली तर आपलं काही खरं नाही.

आणि ती जाणारच होती. सगळी माहिती चढली, लॅपटॉप पिशवीत गेला. दाराशी जाऊन ती वळली.

"एक राहिलं. प्रत्येक वस्तूला एक जबाबदार माणूस लागतो. खुर्चीपुढे कुणाचं नाव घालू?"

"माझं."

"बरं... आणि खुर्चीत बसणारीची जबाबदारी?"

"त्याला... रकाना आहे का?" मी विचारलं.

"नाही. ते तोंडी सांगावं लागतं."

मग मी तोंडीच सांगितलं. पंप जोरात चालू होते, म्हणून ओरडून सांगावं लागलं. बाहेर पाइप बदलणारी माणसं होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता तरी सांगा, काय नाव ठेवलंय माझं?" मी विचारलं.

"अहो," ती म्हणाली.

"काय?"

"तेच. तेच ठेवलंय."

तिच्या घरी आकाशपाताळ एक झालं. तिचा दादा म्हणाला, "एवढं शिकवलं ते पंपवाल्याच्या गळ्यात पडायला?" ती म्हणाली, "दादा, सकाळी नळ सोडलास ना? पाणी काय तुझ्या हुशारीने वर चढलं?" दादा लग्नाला आला नाही. आम्ही त्याच्याशिवाय केलं. लग्नानंतर तिने आमच्याच रुग्णालयाच्या कार्यालयात नोकरी धरली. ती मला अहो म्हणायची, मी तिला मॅडम. दुपारचा चहा पंपरूममध्येच. खुर्ची तिची, बादली माझी. त्यात आयुष्य गेलं, आणि ते फार चांगलं गेलं.

गेल्या वर्षी ती गेली. आजाराबद्दल मी लिहिणार नाही. त्याला इथे जागा द्यायची नाही.

आता पुन्हा नवं सॉफ्टवेअर आलंय. तिने चढवलेलं सगळं त्यात हलवायचं चाललंय आणि साहेबांनी, हे साहेब नवे, आधीच सांगितलं, "जुना कचरा नव्यात नको. ती खुर्ची मोडीत काढा. सही करा, तुम्हाला चाकांची नवी देतो."

"सही करणार नाही," मी म्हणालो.

"अहो, ती कुणी वापरत नाही!"

"सही करणार नाही, साहेब. जबाबदार माणूस मी आहे."

आज कंपनीचा माणूस तपासायला आला. चष्मेवाला, दमलेला, सभ्य. खुर्चीत टेकायला गेला.

"तिथे नको," मी म्हणालो, आणि चहाचं स्टूल पुढे केलं.

त्याने स्टिकर पाहिला. जरा तिरका लागलाय तो, पहिल्या दिवसापासून. त्याने नंबर वाचायचं यंत्र पुढे धरलं. "काका, तीनच पर्याय आहेत. वापरात, बंद, मोडीत. काय टाकू?"

"वापरात."

त्याने खोलीभर नजर फिरवली. स्टुलावर तो, पालथ्या बादलीवर मी, आणि आमच्या मध्ये पुसून लख्ख केलेली रिकामी खुर्ची.

"वापरात आहे, तर तुम्ही बादलीवर का बसलाय?"

"म्हणूनच," मी म्हणालो. "खुर्ची वापरात आहे."