पक्क्यावर परत

वलगावातल्या आपल्या ओसरीवर उत्तमराव गुरुजी पोरांना संगणक शिकवत. सगळ्या यंत्रांवर प्रणालीची पक्की आवृत्ती होती. खिडकीजवळच्या एकावर मात्र चाचणीची, अजून घडत असलेली. तिच्यात रोज काहीतरी बदलायचं, आणि पोरांनी ते बघावं असं गुरुजींना वाटे.

त्या यंत्रावर वर्षाली बसायची. टवका उडालेला तिचा पुढचा दात तिथंच पडला. गुरुजींनी तो काड्यापेटीत घालून दिला, तर वर्षाली पेटी तिथंच विसरून गेली. मग पेटी त्यांच्या खणातच राहिली.

एके दिवशी नव्या बदलात पडद्यावरची चित्रांची पट्टी उजवीकडून डावीकडे गेली, अन् वर्षाली डाव्या हातानं लिहू लागली. गुरुजी हसले. पुढच्या बदलानंतर पडदा फडफडू लागला. तिच्या पापण्याही.

गुरुजी हसले नाहीत.

सकाळी तिची आई, साधना, झेंडूची टोपली अन् वर्षालीला घेऊन ओसरीवर आली.

"गुरुजी, पोरगी झोपूनच नाई राहिली. हार ओवाले बसली का रोज नवीनच गाठ मारते. काल मले म्हणे, तुमी कोण व्हय?"

"ताप हाय का?"

"अंग तं थंडगार हाय. तुमी तिले काय शिकवून राहिले?"

"टायपिंग. दुसरं काय शिकवतो, बाई?"

वर्षाली खिडकीपाशी जाऊन बसली होती. यंत्र बंद होतं. तिची बोटं कळफलकावर चालतच होती.

"वर्षा, थांब जरा."

"थांबताच येऊन नाई राहिलं, गुरुजी."

चाचणीवरून पक्क्यावर सरळ उतरता येत नाही, सगळं पुसावं लागतं, हे गुरुजी पोरांना नेहमी सांगत. वर्षाली पहिल्यांदा आली त्या दिवशी, चाचणीची आवृत्ती टाकण्याआधी, त्यांनी या यंत्राची नक्कल काढून ठेवली होती. यंत्र पुसून त्यांनी तीच चढवायला घेतली.

किती चढलं ते दाखवणारी पट्टी भरत गेली. बोटं मंदावली.

थांबली.

वर्षालीनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती झोपली. साधना टोपलीपाशी बसून राहिली.

उन्हं कलल्यावर पोरगी उठली. "माय, भूक लागली," म्हणाली. साधनानं तिला पोटाशी धरलं.

मग वर्षाली यंत्राकडे वळली. लाजत म्हणाली, "गुरुजी, हा माऊस कसा धरतेत?"

पहिल्या दिवशी असंच विचारलं होतं. अगदी असंच लाजत.

गुरुजींनी धरून दाखवला. ती हसली. टवका उडालेला दात जागेवर होता.

गुरुजींनी खण उघडला. काड्यापेटी कानाशी नेऊन हलवली.

आत दात खुळखुळला.