काच नसलेला व्हॉल्व्ह

चांदीसारखा चकचकीत डाग एका दुपारीत दुधासारखा पांढरा कसा होतो?

केतकीने व्हॉल्व्ह दिव्याजवळ धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. अंगठ्याएवढी काचेची नळी, आत बारीक तारा आणि धातूचे पत्रे. सकाळी ती गिटार शिकायला आली तेव्हा या नळीच्या शेंड्याला आतून आरशासारखा मुलामा होता. आता तिथे चुना फासल्यासारखा पांढरा धब्बा होता. बंद काचेच्या आत कुणाचा हात पोचणार? मग रंग बदलला कुणी?

“काका, सांगा ना! हे असं कसं झालं?”

“आधी एका जागी उभी राहा,” इनासकाका म्हणाले. “तू हलतेस, व्हॉल्व्ह हलतो, मला काहीच दिसत नाही.”

एका जागी उभं राहणं केतकीला एरवीही जमत नसे, आणि त्या दिवशी तर कवडशात कुणालाच ते जमत नव्हतं. कवडसा ही चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळची माणसांची वस्ती. सूर्य तिथे क्षितिजाला टेकूनच फिरतो आणि कड्यांमधून तिरपी उन्हं आत येतात, म्हणून हे नाव. त्या दुपारी तिथे चंद्रकंप (भूकंपासारखाच, पण चंद्राच्या जमिनीचा हादरा) झाला होता. कुणाला इजा झाली नाही, पण जमीन टोल दिलेल्या घंटेसारखी बराच वेळ थरथरत राहिली. तेव्हापासून माणसं बोलता बोलता मधेच थांबत, कानोसा घेत आणि पायाखाली बघत.

इनासकाका म्हणजे डॉक्टर इनास तुस्कानो, चंद्रधुळीचे अभ्यासक. वस्तीत सगळ्यांत वयस्कर तेच. चंद्रावर येताना प्रत्येकाला थोडंसं खासगी सामान आणता येतं. बाकीच्यांनी कपडे आणले, खाऊ आणला. काकांनी आपल्या वाट्याचं सगळं वजन एका सागवानी पेटीत घालवलं. तो त्यांच्या आजोबांचा, अशाच व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर (आवाज मोठा करणारं यंत्र) होता. वसईतल्या लग्नांमध्ये आजोबा गिटार वाजवायचे, तेव्हा एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून त्यांनी तो बनवून घेतला होता. संध्याकाळी काका तो लावायचे आणि दिवसभर बर्फ खणून आलेली माणसं जेवणाच्या दालनात आपोआप जमायची.

कंपात तो फळीवरून पडला. चंद्रावर वस्तू सावकाश पडतात खऱ्या, पण जड पेटी ती जडच. आपटायची तशी आपटली.

“दिसली,” काका म्हणाले. काचेच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. “हा डाग बेरियम नावाच्या धातूचा आहे. त्याला राखणदार समज. हवेचा एखादा चुकार कण आत राहिला तर तो गिळून टाकतो. पण चिरेतून हवा भसाभस आत आली, तर एकटा बिचारा किती गिळणार? गिळता गिळता पांढरा पडतो.”

“पण हवेने काय बिघडतं?”

काकांनी पेटी उघडली. डावा हात त्यांनी खिशात घातला आणि उजव्या हातातली तार आतल्या एका डब्याला लावली. “हे कपॅसिटर (वीज साठवणारे डबे). बटण बंद केलं तरी यांच्यात जीवघेणी वीज उरते. ती आधी काढून टाकायची. एक हात खिशात, म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाणार नाही. मी नसताना या पेटीचं झाकण तू उघडायचं नाहीस, बाय.”

मग त्यांनी बोटाने व्हॉल्व्हच्या पोटातले भाग दाखवले. मधोमध एक नळी होती, कॅथोड (तापला की इलेक्ट्रॉन सोडणारा भाग). इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचे अतिसूक्ष्म कण. सगळ्यांत बाहेर धातूचा पत्रा होता, अ‍ॅनोड (इलेक्ट्रॉनांना ओढून घेणारा भाग). आणि दोघांच्या मधे बारीक तारेची जाळी.

“जेवणाची घंटा झाली की तुम्ही पोरं वर्गातून कशी सुटता? तसे इलेक्ट्रॉन कॅथोडपासून पत्र्याकडे धावतात. आता समज, दारात मी उभा आहे. मी हात थोडा आडवा केला की तुमचा लोंढा अडतो, थोडा बाजूला घेतला की सुटतो. ही जाळी म्हणजे माझा हात. गिटारची तार छेडली की अगदी अशक्त वीज तयार होते. ती जाळीवर येते, जाळीचा ‘हात’ हलतो, आणि त्या तालावर इलेक्ट्रॉनांचा मोठा लोंढा कमीजास्त होतो. छोट्या हालचालीची मोठी नक्कल. यालाच प्रवर्धन (लहान संकेत मोठा करणं) म्हणतात.”

“आणि हवा?”

“हवा म्हणजे वाटेत झालेली गर्दी. इलेक्ट्रॉन तिच्यावर आदळत राहतात, पत्र्यापर्यंत नीट पोचतच नाहीत. म्हणून व्हॉल्व्हच्या आत निर्वात (हवा काढून टाकलेली पोकळी) लागतं. काच फक्त हवेला बाहेर ठेवण्यासाठी.”

“मग दुसरा व्हॉल्व्ह लावा.”

“पहिला कधीच गेला. हा दुसराच होता,” काका म्हणाले.

तेवढ्यात केतकीची आई आत आली. सई वस्तीची भांडारप्रमुख होती. कंपानंतर तिची नुसती धावपळ चालली होती, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले.

“काका, वाईट वाटतं सांगायला,” ती म्हणाली. “पाण्याच्या पंपाची मोटर जळली. गुंडाळायला तांब्याची तार हवी आहे. उद्या दुपारी बंद पडलेल्या वस्तू मी मोडीत काढतेय. तुमच्या पेटीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये भरपूर तार आहे.”

“आई!” केतकी ओरडली. “तूच तर रोज ऐकायला येतेस!”

“येते. पण पाणी आधी. चिपवर चालणारा नवा अँप मी छापून देईन की.”

“देशील गं,” काका शांतपणे म्हणाले. “पण चिपला झेपेनासं झालं की ती आवाजाच्या लाटेचा शेंडा कात्रीने छाटावा तसा छाटते. हा व्हॉल्व्ह तो शेंडा हळूच गोल करतो. म्हणून जोरात वाजवलं तरी आवाज टोचत नाही, माणसाच्या गळ्यातून आल्यासारखा वाटतो.”

सईने नजर चुकवली. “चालू वस्तूला मी हात लावत नाही. पेटी वाजली, तर जुन्या गाडीची मोटर उकलून तार काढेन. तिप्पट कष्ट पडतील, पण काढेन. बंद असली तर मात्र न्यावीच लागेल.”

ती गेली. केतकीच्या पायाला जणू भिंगरी लागली. ती दाराशी गेली, परत आली, टेबलावरचा पेचकस उचलून ठेवला, खिडकीशी गेली. बाहेर राखाडी उतार पसरला होता. सहा पायांचा ‘खेकडा’ नावाचा यंत्रमानव सौरपट्ट्यांवरची धूळ झाडत होता. शाळेतल्या मुलांना तो चालवायला शिकवत. बाहेर वारा नाही, आवाज नाही, काहीच नाही.

काहीच नाही! ती गर्रकन वळली.

“काका, व्हॉल्व्हला हवा नको ना? मग बाहेर कुठे आहे हवा? सगळा अँपच बाहेर ठेवू!”

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग हसू लागले. “आणि ऐकणार कोण? स्पीकरचा पडदा हलतो तेव्हा तो कशाला ढकलतो?”

“हवेला,” केतकी हिरमुसली. पण क्षणभरच. “मग स्पीकर आत आणि नुसता व्हॉल्व्ह बाहेर! मधे तारा!”

काकांचं हसू थांबलं. ते उठून उभे राहिले आणि आता तेच येरझाऱ्या घालू लागले. “भिंतीत जुन्या उपकरणाच्या तारांचं हवाबंद तोंड आहे, हवालॉकच्या (बाहेर जायच्या दोन दारांच्या हवाबंद खोलीच्या) शेजारी... सहा तारा लागतील... पण कॅथोडवरच्या लेपाला हवा लागली आहे. तो मेला असेल. की नसेल? कारखान्यात हा लेप आधी साधाच असतो. निर्वातात तापवला की त्यातले वायू निघून जातात आणि तो इलेक्ट्रॉन सोडायला लागतो. म्हणजे पुन्हा तसाच तापवला तर... चल!”

धुळीचे नमुने तपासायची एक बंद पेटी काकांकडे होती. तिला आत जाणारे रबरी हातमोजे होते. तिच्यातली कोरडी हवा ओलावा येऊ देत नसे. केतकीने मोज्यांत हात घातले. काकांनी बाहेरून सांगितलं, “फोड.”

“काच? मुद्दाम?”

“आता काचेचं काम चंद्रच करणार आहे. काच ठेवली तर उगाच हवा अडकून राहील. बुडापासून वर, हळू. आतल्या जाळीला धक्का नको.”

टक्, टक्, टक्. काच गळून पडली आणि व्हॉल्व्हचा आतला जीव उघडा पडला, सोललेल्या फळासारखा.

खेकड्याने तो दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर नेऊन हवालॉकशेजारी बसवला. काकांनी कॅथोड तापवायची वीज थोडी थोडी वाढवली. बाहेरच्या कॅमेऱ्यात बारीक नारिंगी ठिणगी दिसू लागली. बराच वेळ गेला. केतकीने नखं कुरतडली, दहा वेळा “आता?” विचारलं. शेवटी काकांनी मोठी वीज सोडली आणि गिटारची तार छेडली.

स्पीकर गुरगुरला, एक फाटका सूर आला, मग नुसतं तडतडणं. आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर व्हॉल्व्हच्या आत जांभळा उजेड आला, विझला, थोड्या वेळाने पुन्हा आला.

“गेला,” काका म्हणाले. त्यांनी वीज बंद केली. “जांभळा उजेड म्हणजे आत वायू आहे. इलेक्ट्रॉन वायूवर आदळले की तो असा चमकतो.”

“पण बाहेर वायू आलाच कुठून?”

“लेपातून निघत असेल. नाहीतर लेपच मेला.” काका खुर्चीत बसले. त्यांचा आवाज एकदम थकला. “ट्रान्सफॉर्मर सोडवायला घेऊ या, बाय. तुझ्या आईचा वेळ तरी वाचेल.”

केतकीला ते ऐकवेना. तिने कॅमेऱ्याचं चित्रण मागे नेऊन पुन्हा पाहिलं. उजेड यायचा, विझायचा, पुन्हा यायचा. तिने शेजारी हवालॉकच्या आतलं चित्रण लावलं. बर्फ खणणारी मंडळी बाहेर जात होती. आतलं दार बंद, बाहेरचं उघडलं की जांभळा उजेड. दार मिटलं की विझला. पुन्हा उघडलं, पुन्हा उजेड.

“काका, लेपाचा दोष नाही! दर खेपेला हवालॉकमधली उरलीसुरली हवा बाहेर सुटते आणि ती थेट आपल्या व्हॉल्व्हवर जाते! आपण दारातच बसवलाय ना त्याला!”

काकांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी बघितली. कपाळावर हात मारला. “आयुष्यभर निर्वाताचा अभ्यास केला आणि व्हॉल्व्ह नेऊन ठेवला धुराड्याच्या तोंडाशी!”

वस्तीमागच्या उंचवट्यावर जुन्या अँटेनाचा खांब होता. तिथपर्यंत तारा होत्या, उंचीमुळे धूळही कमी. जेवणाच्या दालनात, अँपशेजारी बसूनच केतकीने खेकडा चालवायला घेतला. दुपार जवळ येत होती. खेकडा खांबावर चढत असताना जमीन पुन्हा हलली. वस्तीभर माणसांनी भिंती धरल्या. खेकड्याचा एक पाय निसटला, व्हॉल्व्ह त्याच्या चिमट्यात लोंबकळला. केतकीच्या मनात आलं, घाईघाईने वर ओढावा. पण तिने दोन्ही हात नियंत्रकावरून काढले आणि थरथर थांबेपर्यंत तशीच बसून राहिली. मग एकेक पाय वर सरकवत तिने व्हॉल्व्ह खांबावर घट्ट बसवला.

पुन्हा हळूहळू तापवणं. पुन्हा नारिंगी ठिणगी. दारात सई येऊन उभी होती, हातात पेचकस.

काकांनी वीज सोडली. जांभळा उजेड नव्हता. त्यांनी गिटार केतकीच्या हातात दिली.

“मी?”

“बिघाड तू शोधलास. वाजव.”

तिने एकच तार छेडली. आधी बारीक घुमारा आला, आणि मग भरदार, उबदार, कडा गोल झालेला सूर सगळ्या दालनात पसरला. तिने दुसरी तार छेडली, मग तिसरी. बोटं चुकली, कुणाला पर्वा नव्हती. मार्गिकेतून पावलं वाजली. माणसं येऊन दारात, बाकांवर, जमिनीवर बसू लागली. काकांनी डोळे पुसले आणि स्पीकरवर तळवा ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

सई खिडकीशी गेली. दूर खांबावर नारिंगी ठिपका जळत होता. “तिथे एवढं चाललंय, आणि तिथे कणभर आवाज नाही,” ती पुटपुटली.

“तिथे फक्त इलेक्ट्रॉन धावतात, आई. आवाज इथे होतो, कारण हवा इथे आहे. व्हॉल्व्हला हवा नको असते, आणि स्पीकरचं हवेवाचून चालत नाही. म्हणून दोघांची घरं वेगळी केली.”

“किती दिवस टिकेल हा?”

काकांनी खांदे उडवले. “सांगता येत नाही. लेप आधीच दमलेला आहे.”

केतकी गिटार खाली ठेवून उठलीसुद्धा. “पण मग नवा का नाही करायचा? पृथ्वीवर काच फुंकावी लागते, हवा उपसावी लागते, तेच तर अवघड असतं! इथे ते दोन्ही नकोच. एक नळी, एक जाळी, एक पत्रा. झालं! लेपाचं काय ते काका शिकवतील. आणि मोठे केले तर? पृथ्वीशी बोलणाऱ्या यंत्रात बसतील एवढे मोठे?”

“पोरी, श्वास घे,” काका म्हणाले. पण त्यांचेही डोळे चमकत होते.

सईने पेचकस खिशात टाकला. तिला आता जुन्या गाडीची मोटर उकलायला जायचं होतं, आणि ते काम चांगलंच लांबणार होतं. दारातून ती मागे वळली.

“निकेलचा पत्रा आहे माझ्याकडे. जाळीसाठी निकेलचीच बारीक तारही आहे. उद्या सकाळी भांडारात ये. कापायचं मात्र तुझं तू.”